गजूदादाचं बुजगावणं

जहाजावरच्या माणसाकडे किस्से साचतात. पाण्यावर ऐकायला नवीन कोणी नसतं, मग घरचा फोन लागला की तोंड थांबत नाही! माझा मोठा भाऊ गजूदादा, आमच्या तेल्हाऱ्याच्या कापसातून उठून थेट मालवाहू जहाजावर खलाशी झालेला. आता त्याचा फोन येत नाही. जहाजावर हल्ला झाला तेव्हा सगळे आत होते, दादा एकटा बाहेर. काहून बाहेर होता, ते कंपनीने सांगितलं नाही. म्हणून त्याचे किस्से आता मी सांगतो. चुकलं तर चुकलं.

*

जहाजावर एआयवाले कॅमेरे बसले. येणारी बोट कोळ्याची की चाच्यांची, ते मशीन ओळखणार. पहिल्याच दिवशी ओरडलं, "संशयित बोटी! वेगात येत आहेत!" सगळे धावत खालच्या मजबूत खोलीत. दार बंद, देवाचा धावा. कॅप्टनने तिथल्या स्क्रीनवर नीट पाहिलं, तर डॉल्फिनचा कळप!

दादा म्हणाला, "आमचं कुत्रं बरं. ते निदान शेजाऱ्यावर भुंकत नाही!"

*

धोक्याच्या पाण्यात कठड्याला खोटी माणसं उभी करतात, लांबून पहारा वाटावा म्हणून. बाकीच्यांची पोत्यासारखी लोंबायची. दादाने शेतातल्यासारखं बुजगावणं केलं. आडवी काठी, बॉयलर सूट, आत चिंध्या. वाऱ्यावर हात हलवायचं!

मशीन लगेच बोंबललं, "डेकवर माणूस, हेल्मेट नाही!" थांबेचना. दादाने आपलं हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं. मशीन गप्प.

मग साहेब दादावर खेकसला, "तुझं हेल्मेट कुठे?"

"साहेब, ड्युटीवर हाय!"

*

शेवटी बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, इंजिनियरकडून मशीनला शिकवून घेतलं की कठड्याला उभं आहे ते माणूस नव्हे. बोसन रत्नागिरीचे, वयाने मोठे, सगळे त्यांना काका म्हणायचे.

दादा रुसला. "काका, इतक्या मेहनतीनं माणूस केला, अन् तुमी त्याचं नाव कमी केलं!"

*

आईला दादा फोनवर म्हणाला, "काळजी करू नको. आता मशीन पहारा देऊन राहिलं."

आई म्हणाली, "मंग तुले काहून ठेवलं तिथं?"

दादा म्हणाला, "मशीनवर ध्यान ठेवाले!"

*

एकदा कोणी तरी जीपीएसचे खोटे सिग्नल सोडले. नकाशात जहाज वाळवंटात उभं! मशीन म्हणे, नकाशा खोटा, रडार खरं, पुढे खडक आहे, वळा. कोणाचं ऐकायचं? कॅप्टनला घाम फुटला. दादा कठड्यावरून वाकला आणि ओरडला, "साहेब, वाळू नाही, पाणीच हाय!"

मशीनचं ऐकलं, म्हणून वाचले. त्या दिवसापासून दादाने त्याला कुत्र्याची उपमा दिली नाही. ते बोलेल ते खरं.

*

परवा काका घरी आले. अकोल्याहून अकोट, अकोटहून एसटीने तेल्हारा, हातात दादाची बॅग. मी दारातच त्यांची कॉलर धरली. "सगळे आत, माझा भाऊ बाहेर काहून?"

आई आतून ओरडली, "सोड त्याहीले! पाणी दे आधी!"

पाणी पिऊन काका बोलले. बिनमाणसाची बोट येत होती, दारूगोळा भरलेली. मशीनने लांबूनच ओळखली. सगळे खोलीत शिरले. अंधार, गोंधळ, कोण आलं कोण नाही कळेना. तेवढ्यात मशीन म्हणालं, "डेकवर माणूस पडला आहे."

काका दार धरून उभे होते. दादा त्यांच्या हाताखालून निसटला.

थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला. काका म्हणाले, तो हसत होता.

"काका, वाऱ्यानं आपलं बुजगावणं पडलं! सगळे आतच हायेत. दार लावा!"