ह्यांनी घातलेली वेणी

"ताई, हा जीबीएस आहे. गुलेन बॅरे सिंड्रोम," डॉक्टरबाई म्हणाल्या.

म्हणजे काय, तर शरीराची जी ताकद रोगजंतूंशी लढायची, ती चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. आधी पाय जातात, मग दुखणं वर वर सरकतं. "श्वासापर्यंत पोचायच्या आत आपल्याला ते थांबवायचंय," त्या म्हणाल्या.

त्याच्या चार दिवस आधी औरंगपुऱ्यात भाजी घेताना माझ्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि मला पत्ताच नाही. पायाला मुंग्या तर आधीपासून येत होत्या. पण शाळेत परीक्षा होती ना! तुम्ही असला शहाणपणा करू नका. मुंग्या वर चढायला लागल्या, पाय लटपटले, की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मी आयसीयूत गेले. हातपाय लुळे. आयव्हीआयजी नावाचं औषध सलाइनसारखं पाच दिवस शिरेतून चालणार होतं. डॉक्टरबाई सकाळ-संध्याकाळ येऊन एका श्वासात आकडे म्हणायला लावायच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं पोरांना उजळणी शिकवणारी बाई! पहिल्या दिवशी एकोणीसपर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी चौदा, चौथ्या दिवशी सकाळी अकरा. "आणखी उतरलं तर व्हेंटिलेटर, म्हणजे श्वासाचं मशीन लावावं लागेल." माझी तर पाचावर धारण बसली.

तिथं सकाळ आहे की दुपार, कळायचं नाही. माणसांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे. हर्सूलच्या तलावात मी पाठीवर तरंगतेय, वर पांढरं आभाळ आहे, असं वाटायचं. मग ते छत निघायचं. आपण कुठं संपतो आणि गादी कुठं सुरू होते, तेच उमजेना. डोकं तेवढं माझं होतं.

त्या डोक्यावर केसांचा नुसता गुंता. सिस्टर म्हणाल्या, "कापून टाकू या का?" माझ्या डोळ्यांना धार लागली, पुसायला हात उचलेना. तेव्हा हे, म्हणजे माझे मिस्टर, पहिल्यांदा बोलले. "कापू नका. मी बघतो."

एकवीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्या केसांना हात लावला नव्हता. हां, भाजीत एखादा सापडला की घर डोक्यावर घ्यायचे!

दुपारी भेटीच्या वेळात तेल आणि कंगवा घेऊन आले. टोकाकडून एकेक गाठ सोडवत बसले. त्यांची बोटं डोक्यावरून फिरत होती आणि मी त्या तरंगण्यातून हळूहळू काठाला येत होते. अगं बाई, मी आहे की अजून! मग वेणी. ती कुठली यायला त्यांना? लहानपणी कन्नडला वडिलांशेजारी बसून बैलांची दावी वळलेली, तोच दोराचा पीळ माझ्या केसांना दिला. इतका करकचून, की माझ्या भुवया वर गेल्या.

"अहो, बैल आहे का मी?" मी पुटपुटले.

"बैल लई गरीब असतंय. एवढं बोलत नाय."

मला हसू फुटलं. आवाज निघाला नाही, पण पोट गदगदलं, मॉनिटर वाजायला लागला, सिस्टर धावत आल्या. दोघांनाही रागावल्या.

संध्याकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणा." मी म्हटलं. अकरा. "उतरलं नाही," त्या म्हणाल्या, आणि हे भिंतीकडं तोंड करून रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेणी झाली, पुन्हा आकडे झाले. बारा.

वाचवलं औषधानंच, खोटं कशाला बोलू? पण जाग आली की मी त्या वेणीची वाट बघायचे. इतकी, की भ्यायला सवडच उरायची नाही. तुमचं माणूस असं पडलं असेल, तर त्याच्यापाशी बसा, त्याला हात लावा, थोडं चिडवा.

आज सात महिने झाले. मी चालते, शाळेत जाते. हात मानेमागं पोचत नव्हते, म्हणून वेणी अजून हेच घालतात. गेल्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या, म्हणजे व्यायाम घेणाऱ्या मुलीनं माझे हात वर करायला लावले. पार मानेमागं गेले! मी हळूच म्हटलं, "एवढं घरी सांगू नकोस गं."

ती हसायला लागली. "हात आता मागं पोचतील, हे काकांना मी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय."

आज सकाळी हे नेहमीसारखे तेलाची बाटली घेऊन माझ्या मागं येऊन बसले. "मान सरळ धर," म्हणाले. मी धरली.