काटा कुठवर सोसला

आमच्या ह्यांचं मिरजगावात कापडाचं दुकान होतं. एकाहत्तर-बहात्तर सालच्या सुमारास त्यांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना, आणि चांगली लुगडी सगळी वरच्या फळीवर. गिऱ्हाईक वर बोट दाखवायचं आणि हे खालचंच लुगडं कसं झकास आहे ते पटवत बसायचे. खांदा सुटला नाही तर दुकान चालायचं कसं, हा मला घोर. ह्यांना घोर एवढाच, की गिऱ्हाइकाला कळता कामा नये.

लेप झाले, शेक झाले. मग कळलं, नगरला एका डॉक्टरांकडे विजेचं यंत्र आलंय. एसटीने आम्ही दोघं गेलो. यंत्र म्हणजे एक लाकडी पेटी, तिला गोल बटण आणि काचेआड काटा. सूज उतरवणाऱ्या औषधात भिजवलेली कापडाची घडी खांद्यावर ठेवायची, दुसरी ओली घडी पाठीवर, दोन्हींवर तारा जोडलेले पत्रे. मंद वीज सोडली की औषध कातडीतून आत जातं. सुई नाही, गोळी नाही. डॉक्टरांनी बजावलं, "मुंग्या आल्यासारखं वाटलं की लगेच सांगा. जास्त विजेने जास्त गुण येत नाही, कातडी भाजते."

एवढं साधं सांगणं. पण बाहेरच्या बाकावर पुरुषमंडळींनी त्या खोलीची पार तालीम करून टाकली होती. आतून आलेल्याला गुण आला का, असं कुणी विचारत नव्हतं. "काटा कुठवर सोसला?" हा पहिला प्रश्न. एक मिशीवाला म्हणाला, "पार अर्ध्यावर नेला, तरी मला काय बी वाटलं न्हाई." सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. ह्यांनी तरुणपणी एक हिवाळा लाल मातीत घालवला होता, आणि तेवढ्या भांडवलावर ते जन्मभर पैलवान. त्यांनी सगळ्यांत जोरात मान डोलावली.

आत डॉक्टरांनी बटण जरासं फिरवलं. "मुंग्या येतायत?"

"न्हाई."

कपाळावर घाम, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आवळलेला. मी म्हटलं, "अहो, सांगा की खरं."

"तू गप बस. वाढवा डॉक्टर, काय बी हुत न्हाई मला."

डॉक्टरांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. ते काट्याकडे पाहत होते.

घडी काढली तेव्हा खालची कातडी पांढरीफटक पडली होती. दुसऱ्या दिवशी तिथे टरारून फोड आला. जखम भरल्यावर परत या, या वेळी बेताने घेऊ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी किती मागे लागले. ह्यांचं एकच, "बाकावरच्यांना काय तोंड दाखवू?" त्या बाकावरच्या एकाचंही नाव ह्यांना माहीत नव्हतं. मला तेव्हा संताप आला होता, आजही येतो.

खांदा धरला तो कायमचाच. वरच्या फळीसाठी स्टुलावर चढायचं काम माझ्याकडे आलं. फोडाच्या जागी रुपयाएवढा चट्टा राहिला. पाहुणे आले की विजेची गोष्ट निघायचीच. "एवढं भाजलं, पन मी हूं की चूं केलं न्हाई." मग चट्टा दाखवायचा, म्हणजे सदरा काढायला हवा, आणि हात तर वर जायचा नाही. "अगं, जरा भाईर ये," अशी हाक यायची. मी हात पुसत जायची आणि पाहुण्यांसमोर पैलवानांची बाही सोडवायची.