मार्केत्ताच्या उपाशी पेशी

मार्केत्ता सालोकानेलच्या पेशी उपाशीपोटी वाढत होत्या, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

पेशी होत्या स्तनाच्या कॅन्सरच्या. इस्ट्रोजेन हे हार्मोन मिळालं की त्यांना वाढण्याचा सिग्नल मिळतो, नाही मिळालं की त्या मुकाट बसून राहतात. कितीतरी औषधं याच भरवशावर दिली जातात. तुर्कू शहरातल्या या प्रयोगशाळेत मात्र मार्केत्ताच्या पेशी इस्ट्रोजेनचा लवलेश नसताना दुपटीने वाढत होत्या. म्हणजे सिग्नलची आणखी एक वाट आहे, आणि ती मला सापडली, असा तिचा दावा. वीस वर्षं काचेच्या बाटल्यांशी झटल्यावर पहिल्यांदाच काही मोठं हाती लागलं होतं. त्रेपन्नाव्या वर्षी माणूस अशी गोष्ट सहजासहजी सोडत नाही.

लेख एका बड्या नियतकालिकाकडे गेला. तिथल्या परीक्षकाने एकच खुसपट काढलं: हाच प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातून करवून दाखवा.

दुसरे हात म्हणजे सिर्क्का पेल्टोमाचे. सिर्क्का तिथली मदतनीस. बासष्ट वर्षांची, बोलायला कंजूष आणि कामाला चोख. तिने तीनदा प्रयोग लावला. तिन्ही वेळा पेशी ढिम्म.

"तू काहीतरी करतेस त्यांना," मार्केत्ता कॉफीच्या टेबलावर म्हणाली.

"मी काय करणार? मी त्यांच्याशी बोलतसुद्धा नाही."

"हात जड झालाय तुझा, सिर्क्का. वयाने होतं असं."

हे सगळ्यांसमोर. सिर्क्काने कप विसळला, पालथा घातला आणि दुसऱ्या दिवसापासून ती वरच्या मजल्यावर, शेवाळावर संशोधन करणाऱ्या शेवाळवाल्यांच्या टेबलावर कॉफी प्यायला लागली. त्या इमारतीत कॉफीचं टेबल बदलणं म्हणजे काडीमोडच.

दोन आठवड्यांनी ती परत आली. शेवाळवाल्यांची कॉफी पाणचट होती, एवढंच कारण तिने दिलं. पण बसली ती मार्केत्ताच्या बरोब्बर समोर, डोळे तिच्या हातांवर रोखून.

कॉफी निम्मी झाली आणि मार्केत्ताच्या अंगाची भट्टी पेटली. पाळी जातानाचं हे दुखणं गेली दोन वर्षं रोजचंच होतं. बाहेर उणे पंधरा असताना तिने खिडकी सताड उघडली, बाकीच्यांनी निमूट कोट चढवले. मग तिने पर्समधून एक पुडी काढली, फोडली आणि आतलं जेल दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळलं. उठली. आता हातमोजे चढवायचे आणि पेशींकडे जायचं.

"ते काय चोळतेस गं?" सिर्क्काने विचारलं.

"डॉक्टरने दिलंय. या भट्टीवर."

"रोज?"

"रोज. कॉफी झाली की."

"आणि असतं काय त्यात?"

"काय असणार? इस्ट्रो..."

उरलेला शब्द तिच्या तोंडातच राहिला. टेबलावरच्या सगळ्यांचं चावणं थांबलं. सिर्क्काने शांतपणे बिस्किट कॉफीत बुडवलं.

"जड हातांना असलं काही लागत नाही बघ," ती म्हणाली.

ज्या बोटांनी जेल चोळायचं, त्याच बोटांनी हातमोजे ओढायचे, आणि त्याच मोज्यांनी पेशींच्या खाद्याच्या बाटल्या उघडायच्या. त्या हावरट पेशींना तेवढं रग्गड होत होतं. जगात कुठे, किती इस्ट्रोजेन आहे हे मार्केत्ता डोळ्यांत तेल घालून मोजत आली होती. फक्त आपल्यालाही एक शरीर आहे, हे बाईंच्या ध्यानात नव्हतं.

तरी सिर्क्काने खात्री करून घेतली. मार्केत्ताचे हातमोजे धुतलेलं पाणी उपाशी पेशींना पाजलं. चार दिवसांत ताटलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मग मार्केत्ताने आठवडाभर जेल बंद ठेवून, घामाने निथळत, स्वतः प्रयोग लावला. पेशी ढिम्म.

त्या दिवशी मार्केत्ता सायकलींच्या शेडमध्ये जाऊन रडली. डोळ्यांदेखत दोन वर्षांचं काम आणि वीस वर्षांची आस पाण्यात गेली होती, रडू नाही येणार तर काय?

विभागप्रमुख समजूत घालायला आले. "तांत्रिक अडचण आली असं कळव. जेलबिल कशाला सांगायचं? हसतील लोक."

मोह तिलाही झाला. एक अख्खा दिवस झाला. मग तिने परीक्षकाला लिहिलं: "लेख मागे घेत आहे. प्रयोगातलं इस्ट्रोजेन लेखिकेच्या हातांचं होतं. चूक सिर्क्का पेल्टोमा यांनी शोधली."

लेख स्वीकारला गेला की लेखकाने कॉफीला केक आणायचा, ही तिथली रीत. लेख मागे घेतल्याचा केक आजवर कुणी आणला नव्हता. मार्केत्ताने आणला, घरी भाजलेला, आणि पहिला तुकडा सिर्क्कासमोर ठेवला.

"जड हाताचं सगळ्यांसमोर बोलले होते. सगळ्यांसमोरच मागे घेते. चुकले मी."

सिर्क्काने केककडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हात धुऊन केलास ना?"

मार्केत्ताने दोन्ही हात पुढे केले. सिर्क्काने चष्मा लावून ते उलटसुलट तपासले, वाससुद्धा घेतला. मग बशी तिच्याकडे परत सरकवली.

"याहून मोठा दे," ती म्हणाली.