उमरखेडच्या ऑफिसातले दोन मॉनिटर

ऑफिसात फायलींपेक्षा किस्से लवकर साठतात, आणि त्यांना कपाटही लागत नाही. बोंडअळीनं कापूस पोखरला त्या वर्षांत आमचं उमरखेडचं ऑफिस ड्रोननं काढलेले शेतांचे फोटो पाहायचं आणि पीक कुठे खराब होतंय ते शेतकऱ्यांना सांगायचं. लॅपटॉपवर अख्खं शेत रुमालाएवढं दिसे. म्हणून दोन मोठे फोर-के मॉनिटर मागवले.

*

मॉनिटर आले दोन आणि लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक एकच. आमचे सीनियर इंगोले काका लॅपटॉप उलटापालटा करून पाहत होते.

"दुसरं असंन न कुठं तरी," म्हणाले.

शेवटी त्यांनी खालचा स्टिकर काढून पाहिला. तिथे स्क्रू होता.

*

पुसदला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवणारे सलीमभाई आले. त्यांनी स्प्लिटर लावला आणि दोन्ही स्क्रीन एकदम उजळल्या. दोन्हींवर हुबेहूब एकच शेत.

काका बराच वेळ इकडून तिकडे पाहत राहिले.

"सलीमभाई, एकच शेत दोनदा पाहून कापूस दुप्पट होते काय?"

*

मग सलीमभाईंनी डॉक आणला. लॅपटॉपला एकच वायर, आणि डॉकमधून दोन्ही मॉनिटरवर वेगवेगळं चित्र. पण डाव्या स्क्रीनवर जायचं तर माउस उजवीकडे ढकलावा लागे.

"थांबा काका, सेटिंगमध्ये क्रम बदलते," मी म्हटलं.

मी सेटिंग शोधेपर्यंत काकांनी दोन्ही मॉनिटर उचलून त्यांची अदलाबदल केली होती.

"झाला न क्रम?"

*

फोर-केवर अक्षरं मुंगीएवढी दिसत. सलीमभाई ती मोठी करायला निघाले, तर काकांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या. साहेब मागं येऊन उभे राह्यले तरी त्यायले वाचता येत नाही."

*

ढाणकीजवळच्या एका गावाहून देवराव आणि त्यांची बायको कमलाबाई आले होते. देवरावांनी सगळ्या कपाशीवर फवारणी केली म्हणे, तरी मधला एक पट्टा खराब झाला होता. तेवढाच का, हे मलाही जाणून घ्यायचं होतं. योगायोगानं फवारणीच्याच दिवशी आमचा ड्रोन त्यांच्या शेतावरून गेला होता.

तो फोटो मी मोठ्या स्क्रीनवर घेतला आणि त्या पट्ट्यावर झूम केलं. कपाशीच्या ओळीत एक माणूस कुशीवर पडलेला दिसला.

काका हसले. "देवराव, मस्त झोप घेऊन राह्यले तुम्ही."

देवराव खाली पाहत मला म्हणाले, "ताई, हे जरा लहान करता येते काय?"

"नको," कमलाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठल्या आणि स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. पडलेल्या माणसाच्या पाठीवर फवारणीचा निळा पंप तसाच होता.

"निजणारा माणूस पंप काढून ठेवते," त्या म्हणाल्या.

काकांचं हसू थांबलं. कमलाबाई नवऱ्याकडे वळल्या.

"चक्कर आलती न तुमाले? मले काहून नाही सांगितलं?"

देवराव स्क्रीनकडे पाहत म्हणाले,

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तूच पंप पाठीवर घेतला असता."