चढावरची लाल वाइन

आक्कापुढे 'नाही' म्हणायची सोय नव्हती, असं तिच्या धाकट्या भावाचं म्हणणं. तिने एकदा मनावर घेतलं, की समोरच्याने एकतर भिंतीवर डोकं आपटावं, नाहीतर मुकाट्याने कुदळ उचलून तिच्या मागून चालू लागावं. वडील गेल्यावर द्राक्षबागेचा व्यवहार भावाने सांभाळला आणि तळघर आक्काने. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच, तर म्हणायची, एवढी पिंपं सांभाळून वर नवरा कोण सांभाळणार!

तो मुलूख थंड. ऊन म्हणजे घाईतला पाहुणा, या बसा म्हणेपर्यंत निघालेला. तिथे सगळे पांढरी द्राक्षं लावत, कारण ती लवकर पिकतात आणि त्यांची वाइन हातोहात खपते. आणि आक्काने काय करावं? घरामागच्या चढावर, जिथे नुसतं उभं राहायचं तरी वेलीला धरावं लागतं, तिथे तिने काळी द्राक्षं लावली. सगळी एकाच जातीची. चढावर ऊन सरळ पडतं आणि तिथले दगड संध्याकाळपर्यंत ऊब धरून असतात, असा तिचा हिशेब. लोकांनी नाकं मुरडली. आधी कितीतरी वर्षं घड कच्चेच राहिले, मग एकदा थंडीने कोंब जाळले, मग पाखरांनी मेजवानी झोडली. पण बाई हटेल तर शपथ. दर हंगामात घडांवरची पानं खुडून ती त्यांना ऊन दाखवत राहिली.

शेवटी एका वर्षी घड पिकले. सगळी मिळून वाइन झाली एक लाकडी पिंप आणि वर एक काचेचा बुधला. पिंप भरलं त्याच दिवशी भावाने मनातलं बोलून टाकलं. आक्का, आता बास, म्हणाला. थंडी सरली की पिंप उघडू. वाइन स्वतःच्या पायावर उभी राहिली तर चढ तुझा. नाहीतर त्या वेली उपटायच्या आणि पांढरी लावायची. आक्काने शब्द दिला. आणि दिलेला शब्द फिरवायची तिला सवय नव्हती, हीच तर पंचाईत.

आता बुधला कशाला, तर लाकूडही थोडी थोडी वाइन पीत असतं. पिंपात पोकळी झाली की तिथे हवा साचते आणि वाइनचं व्हिनेगर होतं. म्हणून दर आठवड्याला बूच काढायचं आणि बुधल्यातल्या त्याच वाइनने पिंप काठोकाठ भरायचं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त भावजयीला वाटलं, की बुधला म्हणजे पिंपात न मावलेलं उरलंसुरलं.

भावजय मनाने मोठी आणि हाताने सढळ. एके दुपारी तिच्या माहेरची माणसं अचानक येऊन थडकली, आणि तिने तळघरातून बुधला वर आणून सगळ्यांच्या पेल्यांत रिकामा केला. पाहुणे खूश होऊन गेले. आक्का बागेतून आली, तेव्हा टेबलावर बुधला आडवा पडलेला. तिने तो उचलून सरळ उभा केला, एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भावजय पुढे कितीतरी दिवस म्हणत होती.

भावाने मार्ग काढला. तो काही वाईट माणूस नव्हता, बहिणीचे कष्ट त्याने डोळ्यांनी पाहिले होते. ऊबदार मुलखातल्या गडद लाल वाइनचा एक कॅन त्याने आणून पिंपाशेजारी ठेवला. हीच भरत जा, म्हणाला, रंगही जरा खुलेल, कुणाला पत्ता लागणार नाही. व्हिनेगर होण्यापेक्षा हे बरं, दगडापेक्षा वीट मऊ.

आक्का तळघरात गेली. बूच काढून आत बोट घातलं, तर बोट कोरडंच बाहेर आलं. वास घेतला. अजून वाइनचाच होता, पण शेवटी किंचित नाकाला झोंबला. ओतून काठोकाठ भरावी असं लहान पिंप घरात नव्हतं, आणि तसली वाइन तर अख्ख्या मुलखात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तिने कॅनचं झाकण काढलं. खोटं कशाला बोला, कॅन उचलून तिने पिंपाच्या तोंडाशी नेलासुद्धा. मग तिने तो खाली ठेवला आणि भावाला हाक मारली.

"यात दुसरी ओतली आणि वाइन चांगली निघाली," ती म्हणाली, "तर ती कुणामुळे चांगली निघाली, हे मला मरेपर्यंत कळायचं नाही. वाईट निघाली तर वाईट. पण माझ्या चढाची निघू दे."

"म्हणजे तू हरायला तयार आहेस?"

"हरले तर मी हरेन. पण जिंकला तुझा कॅन, असं नको व्हायला."

भाऊ कपाळाला हात लावून निघून गेला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आक्का पाणी प्यायला वर आली, तर स्वयंपाकघरात खुळखुळाट चाललेला. बुधल्याच्या मानेतून हात आत जात नाही, म्हणून भावजयीने आपल्या मोठ्या झालेल्या मुलांच्या जुन्या काचेच्या गोट्या त्यात टाकल्या होत्या आणि पाणी घालून ती बुधला हलवून हलवून घासत होती. डोळे रडून सुजलेले. निदान बुधला तरी लख्ख करावा, एवढंच बिचारीच्या हातात उरलं होतं. तिने तो ओट्यावर ठेवला. पाणी तिने थोडंसंच घातलं होतं, पण गोट्यांमुळे ते पार मानेपर्यंत चढून उभं होतं.

आक्का बघतच राहिली.

"घरात गोट्या किती आहेत?" तिने विचारलं.

काचेला ना वास ना चव, आणि ती वाइन पीतही नाही. दोघींनी गोट्या उकळल्या, पुसल्या आणि एकेक करून पिंपात सोडल्या. वाइन हळूहळू वर आली आणि बुचाला टेकली. पुढच्या आठवड्याला आणखी लागल्या, म्हणून दोघी दारोदार गेल्या. रस्त्यात लोक हसले. आक्काला म्हातारपणी गोट्या खेळायची हुक्की आली, म्हणाले. तुम्हीही या की खेळायला, आक्का म्हणायची, फक्त येताना मूठभर घेऊन या. आणि लोक आणूनही द्यायचे. भाऊ मात्र तोंड फुगवून होता. कावळ्याची अक्कल, म्हणायचा. पण एका सकाळी तळघराच्या पायरीवर खेळण्यांच्या दुकानातली नवीकोरी पिशवी दिसली, आणि ती कुणी ठेवली हे आक्काने विचारलं नाही.

थंडी सरली. भावाने पांढऱ्या द्राक्षांची रोपं सांगून ठेवली होती आणि चढाच्या पायथ्याशी कुदळी आणून ठेवल्या होत्या. शब्द त्याचाही होताच की. आक्काने पिंपातून पेलाभर वाइन काढली आणि उजेडात धरली. इतकी फिकी, की पलीकडची बोटं दिसत होती. आक्काच्या तोंडचं पाणी पळालं.

भावाने घोट घेतला. "आंबट आहे," तो म्हणाला. दुसरा घोट घेतला. "रंग नाहीच." मग तिसरा, मग चौथा. पेला संपला, तसा त्याने तो पुन्हा पुढे केला.

"लहानपणी आपण संध्याकाळी त्या चढावर बसायचो," तो म्हणाला. "तापलेल्या दगडांचा वास यायचा. तोच आहे हा."

आणि तो बाहेर गेला. आक्काने खिडकीतून पाहिलं, तर स्वारी कुदळी खांद्यावर टाकून कोठाराकडे निघाली होती. तेव्हा मात्र आक्का पिंपाला टेकून ढसाढसा रडली. इतक्या वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, भावजय तर घाबरलीच.

पुढे पिंप रिकामं झालं आणि गोट्या खडखडत बाहेर पडल्या. भावजयीने त्या धुवून, वाळवून, नीट पोत्यात भरल्या. राहू देत, म्हणाली, पुढच्या वर्षी लागतील.

"नाही लागणार," आक्का म्हणाली. "पुढच्या वर्षी बुधला मी उशाशी घेऊन झोपणार आहे."