मधला व्रण

माझ्या बायकोच्या पेशींना रविवारची सुट्टी नसायची. सगळी अलीगंज कॉलनी उन्हात खाटा टाकून मटार सोलत बसलेली असताना ही डोक्याला स्कार्फ बांधून स्कूटरच्या किल्ल्या शोधत असायची. "आलेच तासाभरात. पाणी बदललं नाही तर मरतील रे," म्हणायची, आणि दुपारचं जेवण मी एकटा जेवायचो.

आम्ही दोघंही संशोधन करत होतो. लग्नानंतर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लखनौला आलो. तिला एका संस्थेत प्रयोगशाळा मिळाली आणि मला विद्यापीठात गणित शिकवायची नोकरी. तिचा विषय कोलॅजन. आपली कातडी, हाडं, शिरा ज्या धाग्यांनी धरून ठेवलेल्या असतात, ते धागे म्हणजे कोलॅजन. भाजलेली जखम भरते तेव्हा पेशी हे धागे घाईघाईने विणतात, आणि ते विणकाम बिघडलं की जाड, ओढलेला व्रण राहतो. बिघडतं कुठे, हे तिला शोधायचं होतं. इस्पितळातून व्रणांचे बारीक तुकडे यायचे. त्यांतल्या पेशी ती बाटल्यांत गुलाबी पाण्यावर वाढवायची आणि तुकड्यांचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

माझा विषय फझी लॅटिस. एखादी गोष्ट 'आहे' किंवा 'नाही' एवढंच न म्हणता किती प्रमाणात आहे ते शून्य ते एकच्या मधल्या आकड्याने सांगायचं, हे झालं फझी. आणि लॅटिस म्हणजे अशी मांडणी, जिच्यात कुठल्याही दोन गोष्टी घेतल्या तरी त्या दोघींच्या लगेच वर बसणारी नेमकी एक आणि लगेच खाली बसणारी नेमकी एक गोष्ट सापडते. मला हे इतकं सुंदर वाटायचं की सांगताना माझा आवाज चढायचा. ऐकणारे तोवर चहाकडे वळलेले असायचे.

शहरातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत हे दर वर्षी व्हायचं. बँकेतले, हवाई दलातले, सगळे तिच्याभोवती जमत. कुणाच्या आईचा भाजलेला हात, कुणाच्या मुलाच्या ऑपरेशनचा वण. ती प्रत्येकाचा हात स्वतःच्या हातात घेऊन बघायची. मग कुणीतरी सौजन्य म्हणून माझ्याकडे वळायचं. त्याच सुमाराला बाजारात फझी वॉशिंग मशीन आलं होतं. हवाई दलातल्या एका विंग कमांडरांनी मला गंभीरपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही त्या मशीनवर काम करता? मग सांगा, फ्रंट लोडिंग घ्यावं का टॉप?" सगळे हसले. ती सगळ्यांत जास्त हसली. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही, आणि मी बोलत नाहीये हे तिच्या लक्षातही आलं नाही, कारण वाटेत तिला प्रयोगशाळेत डोकावायचं होतं.

तेव्हा मला मत्सर वाटायचा तो तिच्या कामाचा. तिच्या कामाला रंग होता, वास होता, वीज गेली की धावाधाव होती. माझं काम कागदावर होतं आणि लोड शेडिंगमध्ये त्याला काही होत नव्हतं. कुणी कधी माझ्या प्रमेयाची काळजी केली नाही.

माणसाचा मत्सर नंतर आला.

आमच्या विभागात एक नवा व्याख्याता लागला. चौक नावाच्या मोहल्ल्यातल्या जुन्या घरातला, लखनौचाच, माझ्याहून बराच लहान. माझ्याच विषयात पीएच.डी. केलेला. हुशार होता, पण घाईचा. त्याचं बोलणं मात्र असं, की त्याने नुसतं "सर, आप तशरीफ़ रखिए" म्हटलं तरी आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं. एका संध्याकाळी कुठलंसं पुस्तक परत करायला तो घरी आला. बायकोने साबुदाण्याची खिचडी केली होती. त्याने ती पहिल्यांदाच खाल्ली आणि दोनदा मागून घेतली.

ती नागपूरची. हिंदी तिला लहानपणापासून येत होतं. मी साताऱ्याचा. माझं हिंदी अजूनही भाजीवाल्याला समजून घ्यावं लागतं. त्या दोघांचं बोलणं सुरू झालं की मला शब्द कळायचे, पण त्यात शिरायला फट मिळायची नाही. ती हिंदीत वेगळं हसायची. मराठीत ती एकदम मोठ्याने हसते आणि थांबते. हिंदीत ते हसणं हळूहळू यायचं आणि रेंगाळायचं. इतक्या वर्षांत मी ते ऐकलंच नव्हतं.

मग एक दिवस विभागातल्या जिन्यात मला आमचे विभागप्रमुख भेटले. "मुबारक हो," ते म्हणाले, "मियाँ-बीवी का काम अब साथ में? सुना है मैडम के ज़ख़्मों पर फझी लॅटिस लग रहा है. बहुत ख़ूब."

मी "जी" म्हणालो आणि खाली उतरलो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"तू त्याच्याबरोबर काम करतेस?"

"हो. दोन महिने झाले असतील. सांगणार होते तुला." तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "व्रणांच्या फोटोंची प्रतवारी करायची आहे. धागे किती जाड, किती दाट, किती एका दिशेने. डॉक्टर नुसतं 'चांगला व्रण', 'वाईट व्रण' म्हणतात. मला ते नीट मांडायचंय."

"हा माझा विषय आहे."

"माहितीये."

"मग मला का नाही विचारलंस?"

आता ती वळली. हातांना पीठ होतं. "तुला विचारलं की तू उत्तर देतोस. लगेच. मला उत्तर नको होतं रे. माझ्याबरोबर बसून तासभर स्लाइडी बघेल असा माणूस हवा होता. तू माझ्या लॅबमध्ये किती वेळा आलास?"

"तू बोलावलंस कधी?"

"त्याला तरी कुठे बोलावलं? तो आला."

भाकरी तव्यावर करपली होती. ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

त्यानंतरचे आठवडे मी विभागात त्याच्या खोलीच्या दाराकडे बघत काढले. त्याच्या टेबलावर व्रणांचे मोठे रंगीत फोटो पसरलेले असायचे. खास प्रकाशात कोलॅजनचे धागे नारिंगी आणि हिरवे चमकतात. ते मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्या बायकोच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर येता-जाता, दुसऱ्याच्या टेबलावर, मान तिरकी करून. कधी ती तिथे असायची. मला पाहून हात करायची आणि पुन्हा फोटोंवर वाकायची. एकदा तो धावत बाहेर आला, "सर, आइए न, आप भी देखिए." मला तास आहे, असं मी सांगितलं. तास नव्हता.

थंडीत तिच्या संस्थेत त्या दोघांचं व्याख्यान ठरलं. मी शेवटच्या रांगेत बसलो. आधी ती बोलली. मी तिला असं व्याख्यान देताना ऐकलं नव्हतं. साध्या शब्दांत, घाई न करता बोलत होती. भाजलेल्या एका बाईचा उल्लेख करताना जरा थांबली. लोक पुढे झुकून ऐकत होते. मला अभिमान वाटला असता, पण तेवढ्यात तो उठला, तिने त्याच्या आकृत्यांचे पारदर्शक कागद सरळ केले आणि त्याने "शुक्रिया" म्हणताना मान किंचित लववली.

त्याने प्रोजेक्टरवर आकृती ठेवली. प्रत्येक व्रण म्हणजे एक ठिपका. जो व्रण तिन्ही बाबतींत दुसऱ्यापेक्षा अधिक बिघडलेला, तो वर. खालून वर रेघा. "यह एक लॅटिस है," तो म्हणाला.

ते लॅटिस नव्हतं.

मला ते बघता बघता दिसलं. डाव्या बाजूला, मधोमध. मी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. एवढा आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर करणार, इतक्यात ती माझ्याकडे बघतेय असं दिसलं. सबंध सभागृह ओलांडून ती फक्त माझा चेहरा बघत होती. माझा हात मांडीवरच राहिला.

परत येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. गोमतीच्या पुलाआधी तिने पाठीवर थाप मारली.

"थांबव."

"काय झालं?"

"तू सांग काय झालं. तू काय करून राहिला होता तिथे मागे? चोराला पकडल्यासारखा हसत होता." ती चिडली की तिचं नागपूर बाहेर येतं.

रस्त्याकडेला एक मूंगफलीवाला बसला होता. मडक्यातल्या निखाऱ्यांवर शेंगा गरम ठेवलेल्या. मी पुडी घेतली आणि स्कूटरच्या सीटवर चार शेंगा मांडल्या. खाली दोन, वर दोन.

"हे चार व्रण. खालचे दोन्ही वरच्या दोघांपेक्षा बरे. पण खालच्या दोघांची आपसात तुलना होत नाही, एक जाड आहे, एक दाट आहे. वरच्यांचीही होत नाही. आता सांग, खालच्या दोघांच्या लगेच वरचा कोण?"

तिने एका शेंगेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. "दोन्ही."

"लॅटिसमध्ये दोन्ही चालत नाही. एकच लागतो. तुमच्या आकृतीत हे डावीकडे आहे. सगळी पुढची आकडेमोड त्यावर उभी आहे."

ती शेंगांवर वाकली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा चिडेल, आणि मी दोन्हींसाठी तयार होतो. तिने पुडीतून आणखी एक शेंग काढली आणि चौघींच्या मधोमध ठेवली.

"इथे एक असला तर?"

"तर जमेल. एकाइतका जाड, दुसऱ्याइतका दाट, पण वरच्या दोघांइतका बिघडलेला नाही. पण तो तुमच्याकडे नाहीये. गणितात मी तो घालू शकतो. कागदावर."

"म्हणजे असा व्रण असायला हवा, आणि मला अजून मिळाला नाहीये." तिचे डोळे चमकत होते. तिने माझा दंड पकडला. "अरे, तुला कळतंय का तू काय म्हणालास?"

मला एवढंच कळत होतं की ती माझ्याशी त्या आवाजात बोलत होती, ज्या आवाजात त्याच्याशी बोलायची. मूंगफलीवाल्याने मिठाची पुडी पुढे केली आणि विचारलं, "बाबूजी, खाएँगे कि खेलेंगे?" ती हसली. मराठीतलं, मोठं, एकदम थांबणारं हसणं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला चूक सांगितली. त्याचा चेहरा पडेल, तो ओशाळेल, निदान वाद घालेल, असं मला वाटलं होतं. तो खुर्चीतून उठला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. "सर, आपने बचा लिया! छप जाता तो मैं मुँह दिखाने लायक़ न रहता." आणि लगेच फळ्यावर ती आकृती काढून मधला ठिपका लाल खडूने रंगवू लागला. त्याच्यावर रागावणंसुद्धा मला नीट जमू दिलं नाही त्याने. मत्सर करायला समोरचा माणूस थोडा तरी वाईट असावा लागतो. हा नव्हता, आणि त्यामुळे माझा मत्सर कमी न होता वाढला.

शोधनिबंधात तिसरं नाव माझं घालायचं असा त्या दोघांचा आग्रह होता. मी नको म्हणालो. तिने कारण विचारलं नाही. शेवटी आभारांत माझं नाव एका ओळीत आलं. ती ओळ मी वाचली नाही असं सांगतो, पण ती कुठल्या पानावर आहे ते मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी तिच्या प्रयोगशाळेत जायला लागलो. रविवारी. ती गुलाबी पाणी बदलायची आणि मी स्टुलावर बसून स्लाइडी बघायचो. सुरुवातीला मला सगळे धागे सारखेच दिसायचे. ती मागून येऊन स्क्रू फिरवायची, "आता बघ." हळूहळू फरक कळू लागला. तिथेही त्याचं काहीतरी पडलेलं असायचं. कधी मफलर, कधी त्याने आणलेल्या रेवड्यांचा डबा.

पुढच्या उन्हाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, मी विभागात पेपर तपासत होतो. दार उघडलं आणि ती आत आली. माझ्या खोलीत ती आधी कधी आली नव्हती. घामाने कपाळ डबडबलेलं, हातात रुमालात गुंडाळलेली स्लाइड आणि अजून ओलसर असलेला फोटो.

"सापडला," ती म्हणाली. "मधला व्रण. एका बाईच्या कोपरावरचा. मोजला मी. तिन्ही आकडे मध्ये बसताहेत."

मी फोटो खिडकीपाशी नेला. नारिंगी धागे, मध्ये हिरव्याची एक बारीक कड. मी कागदावर घातलेला ठिपका कुणाच्या तरी कोपरावर खराच होता. उत्तरपत्रिका बाजूला सारून आम्ही टेबलावर फोटो ठेवला आणि डोक्याला डोकं लावून कितीतरी वेळ बघत बसलो. पंखा बंद पडला, वीज गेली, तरी उठलो नाही. ती धावत माझ्याकडे आली होती. त्या दुपारी मला जगात कुणाचाही हेवा वाटला नाही.

ती गेल्यावर विभागाचा शिपाई पाण्याचा जग भरायला आला. भला माणूस, सगळ्यांची खबर ठेवणारा.

"मैडम मिल गईं न, सर?" त्याने विचारलं. "पहले उधर गई थीं, छोटे सर के कमरे पर. ताला था. तो मैंने कहा, आप अपने सर के यहाँ देख लीजिए."

मी "हाँ, मिल गईं" म्हणालो.

घरी गेल्यावर मी तिला हे विचारलं नाही. नंतरही कधी नाही. पुढे त्या मुलाला परदेशात जागा मिळाली. त्याला स्टेशनवर पोचवायला आम्ही दोघं गेलो. गाडी हलल्यावर तिने डोळे पुसले आणि मी तिचा हात धरला. सामान चढवताना माझ्या बोटाला चिमटा बसला होता. परतताना ती त्यावर फुंकर घालत म्हणाली, "याचा काही व्रण राहणार नाही." मी म्हणालो, "तुला काय माहीत?"