लिंबू-मिरचीनं आवळलेला लिव्हर

"उतर खाली. पूजा होऊ दे, मंग चढजो," ठेकेदाराचा मुकादम म्हणाला. आणि मी रोज बसतो त्या सीटवर त्यानं माझ्या डोळ्यांदेखत गोमूत्र शिंपडलं.

खंडेनवमी होती. क्रेनला हार, ठेकेदाराला टिळा. क्रेन चालवणारा मी मात्र लांब, कोळशाच्या ढिगाजवळ. आमचा, बुद्धाच्या माणसांचा, हात लागला की लोखंडही बाटतं. लोखंड!

क्रेन मोडीत निघालेल्या जहाजावरची. चंद्रपूरला समुद्र नाही, पण कोळशाच्या रेल्वे सायडिंगवर तिचा लांब लोखंडी हात, म्हणजे बूम, फिरवला की गोंडपिपरीच्या म्हशी सावलीत येऊन बसायच्या. बूमच्या टोकाला एक लिव्हर. हूक वर चढून त्याला टेकला की मोटर बंद. तो चालला नाही तर हूक टोकावर आदळतो, दोर तुटतो, खालच्या माणसाची चटणी.

पूजा उरकली. मी रिकामा हूक वर घेऊन पाहिला. तो थांबेचना. मीच कसाबसा थांबवला. बूम खाली घेऊन पाहतो, तर लिंबू-मिरची थेट लिव्हरलाच बांधलेली. तारेनं, करकचून.

मुकादमाला सांगितलं.

"त्याले हात नको लावू. पूजेचं हाय. तुह्या हातानं बाटन."

"मंग तुमी सोडा."

"दसरा होऊ दे. डोळे हायेत ना तुले? पाहून चालव."

वेगळ्या गिलासातला चहा मी हसून प्यालो होतो. सीटवरचं गोमूत्रही गिळलं होतं. पण हुकाखाली देवरावभाऊ माल बांधायची साखळी घेऊन उभा. जंगलातल्या गावचा गोंड माणूस, माझ्या डब्यातलं खाणारा एकटाच.

"भाऊ, उचलून काऊन नाई राह्यला?" त्यानं विचारलं.

मी पक्कड घेतली. तार कापली. लिंबू कोळशात पडलं.

मुकादमानं अशी ठेवून दिली की कानात जहाजाचा भोंगा वाजला. उद्यापासून येऊ नको म्हणाला. गाल चोळत मी केबिनमध्ये चढलो, हूक वर नेला. टेकला. मोटर बंद.

मग काच सरकवून ओरडलो, सगळ्या सायडिंगला ऐकू जाईल असा.

"उद्या येतो. पूजा असली तरी सीटवरून उतरत नाई. तार दिसली का कापीन. ज्याले बाट लागते, त्यानं आपल्या हातानं तार बांधावी, अन् स्वतः हुकाखाली उभं राहावं."